शिसवी खुराचा रंधा

वहिनी लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिला भिंतीत खिळासुद्धा सरळ ठोकता येत नव्हता. सासरे सुतार होते आणि हाताला चांगलं नाव होतं. पण त्यांच्या मुलाला, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याला, नणंदेच्या दादाला, लाकडाचा भुसा नुसता दिसला तरी शिंका सुटायच्या. त्यानं बस चालवायची नोकरी धरली आणि सुटला. मुलीला, म्हणजे वहिनीच्या नणंदेला, त्यांनी शिलाई मशीन घेऊन दिलं. हत्यारं आता गंजणार, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. तेवढ्यात मागच्या पडवीत चहा द्यायला जाणारी सून कप ठेवून तिथेच रेंगाळायला लागली.

एक दिवस सासरे वैतागले. "बघतेस काय नुसती? धर." त्यांनी लाकूड तासायचा रंधा तिच्या हातात दिला. "आणि ढकलू नकोस त्याला. त्याच्या मागून चाल."

ती चालली, ती चालतच राहिली. सासरे गेले तोवर गावातले निम्मे दरवाजे तिच्या हाताखालून गेले होते.

नणंदेचा संसार मोडला आणि ती माहेरी परतली, तेव्हा वडिलांच्या जागी तिला ही दिसली. केसांत सालपटं, कानावर पेन्सिल. लहानपणी नणंदही पडवीत तासन्‌तास बसायची, लाकडाचा वास नाकात भरून घ्यायची. पण तिला कधी कुणी 'धर' म्हटलं नव्हतं. पुढच्या खोलीत मशीन मांडून ती ब्लाउज शिवायला लागली आणि येताजाता टोमणे मारायला लागली. "वहिनी, आमटीत भुसा आहे की जिरं?" वहिनी शांतपणे म्हणायची, "खाऊन बघा ना वन्सं, कळेल."

बाळंतपणाच्या दवाखान्यातलं काम आलं ते अशा दिवसांत. जुन्या इमारतीचा लाकडी जिना, त्याचा कठडा वळणापाशी पाणी झिरपून कुजला होता. ठेकेदार म्हणाला, स्टीलचा पाइप ठोकून देतो. दवाखान्याच्या मोठ्या सिस्टर ऐकेनात. "बाळंतीण जिना चढते तेव्हा तिचा हात घामानं ओला असतो," त्या वहिनीला म्हणाल्या. "पाइपावरून सटकतो. या कठड्याला खालून बोटं अडकवायला जागा आहे, बघा."

वहिनीनं बघितलं. कठड्याच्या दोन्ही बाजूंना खालच्या अंगानं एकेक घळ, लांबट खोबण होती. वरून अंगठा टेकला की चारही बोटं आपोआप त्या घळीत जाऊन बसत. ती कुजका तुकडा बगलेत मारून घरी आली आणि स्वयंपाकघरात तसाच ओट्यावर ठेवून बसली.

"वरचा गोल मी साध्या रंध्यानं काढीन," ती म्हणाली. "ही घळ नाही निघायची. असा रंधा बाजारात मिळत नाही."

"मग?" दादानं विचारलं.

"मग काय. करायचा."

दादाला शिंक आली.

रंधा दिसायला साधा, लाकडाचा ठोकळा. त्याला आरपार एक तिरकी खाच, खाचेत पातं, आणि पात्याला जागच्या जागी आवळून धरणारी पाचर. पण इथं त्या ठोकळ्याचं बूड सपाट चालणार नव्हतं. घळीत चपखल बसेल असं फुगीर पाहिजे होतं, आणि पात्याची धारही त्याच आकाराची. वहिनीनं कठड्याचा तुकडा आडवा कापून घळीचा आकार कागदावर उतरवला. लोहाराकडून जुन्या कानशीचं पातं करून आणलं आणि कागदाला लावून लावून घासलं. केसभरही फट राहू दिली नाही. मग सागाच्या ठोकळ्यात ते बसवून पहिली घळ काढली, तर ती उथळ! बोटं आत जाईनात, वरच राहत होती.

पात्यावर पुन्हा कागद धरला. बरोबर. घळीवर धरला. चूक. वहिनीनं जेवणाचं ताट बाजूला सारलं, तेव्हा मात्र नणंदेला राहवेना. पडवीत येऊन तिनं रंधा उचलला, उलटा केला, डोळ्यांजवळ नेला.

"हे पातं असं तिरकं का बसवलंय?"

"तिरकंच बसतं वन्सं. उभं धरलं तर लाकूड खरवडेल, कापणार नाही."

"आणि माप घेतलंस ते सरळ धरून."

"हो, मग?"

"अगं, कापड उरेप, तिरकं कापलं की माप बदलतं, एवढंही माहीत नाही तुला? तिरकं धरलंस की खोली कमी भरते. पातं जास्त फुगीर घास."

वहिनीनं आत जाऊन ताटातलं सगळं जेवण संपवलं आणि हात धुऊन पातं घासायला घेतलं.

यावेळी घळ नेमकी पडली. पण पाचर ठोकताना सागाचा ठोकळा उभा चिरला. दुसरा केला, तोही चिरला. साग या कामाला मऊ पडत होता. घट्ट, वर्षानुवर्षं वाळलेलं शिसव हवं होतं, आणि तेवढा जाड तुकडा लाकडाच्या वखारीत नव्हता. तो घरात होता. नणंदेच्या पलंगाच्या खुरात, म्हणजे पायात होता.

तो पलंग वडिलांनी तिच्या लग्नात केला होता. संसारातून परत येताना तिनं तेवढाच मागून आणला होता. फडकं मारताना वहिनीचा हात खुरावर जरा जास्त वेळ राहिला, हे नणंदेनं बरोबर टिपलं.

"काप," ती म्हणाली.

"काय?"

"नाटकं करू नकोस. खूर काप. खाली विटा लावू."

"वन्सं, बाबांच्या हातचा आहे तो."

"म्हणूनच म्हणतेय. एकटीनं झोपायला चार खूर कशाला लागतात?" आणि लगेच ती खेकसली, "काप लवकर, मला ब्लाउज द्यायचेत!"

मग वहिनीचं काम नणंदेनं शेजारी बसून पाहिलं. खाच कोरताना वहिनी पटाशीचे इतके बारीक घाव घालायची की आवाज टाके घातल्यासारखा यायचा. बूड आकाराला आणायला तिनं नणंदेचा शिंप्याचा खडू मागून घेतला. जुन्या घळीत तो चोळायचा, त्यावरून ठोकळा फिरवायचा, आणि जिथे पांढरं लागेल तेवढंच खरवडायचं. पुन्हा चोळायचं, पुन्हा फिरवायचं. नणंदेला कंटाळा आला, वहिनीला आला नाही. जवळजवळ झालेला रंधा तिनं प्रकाशात धरला, पात्याखाली नखाएवढी फट दिसली, आणि पातं टेकतं ती बैठक वहिनी सगळी नव्यानं घासायला बसली. "चालेल की आता," नणंद म्हणाली. "चालेल," वहिनी म्हणाली आणि घासत राहिली. नणंदेला वाटलं, बाबांनी हत्यारं चुकीच्या हातात दिली नव्हती. वाईट वाटलं, ते वाटलंच. पण हेही वाटलं.

शेवटी पाचर ठोकली. शिसव हललं नाही. वहिनीनं लाकडावर रंधा टेकवला आणि चालायला लागली. रंध्याच्या तोंडातून एक लांबच लांब सालपट निघालं, पन्हाळीसारखं वळलेलं, कुठंही न तुटलेलं. अर्ध्या वाटेत ती थांबली, बाजूला झाली.

"वन्सं, धरा."

नणंदेनं आधी हात पुसले. उगीचच, कोरडेच होते. मग रंधा धरला. पहिल्यांदा तो अडखळला, कारण ती ढकलत होती. दुसऱ्यांदा नणंद त्याच्या मागून चालली.

नवा कठडा बसला तेव्हा जुन्यापेक्षा रंगानं फिका दिसत होता. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "हात लागले की होईल सारखा." एक बाई, पोट पुढे आलेली, कठड्याला धरून दमानं वर चढत होती. जुनं संपून नवं सुरू झालं तिथे तिचा हात थांबला नाही. दोघी खाली उभ्या राहून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिल्या.

वहिनीनं पुढे कितीतरी रंधे केले. खिडक्यांच्या नक्षीसाठी, वाकड्या पाठीच्या खुर्च्यांसाठी, एक तर उंबरठ्याच्या झिजलेल्या कोपऱ्यासाठी. पलंगाला नवा खूरही करून दिला. दुपारी शिलाईची कामं कमी असली की पडवीतून दोघींचं भांडण ऐकू यायचं, खोली किती घ्यायची आणि पातं किती घासायचं यावरून. दादा दारातूनच चहा आत सरकवायचा आणि नाक दाबून परत फिरायचा.