दोन उमेदवार, एक होडी

आन्झोआला गुपित ठेवणं जन्मात जमलं नव्हतं. अर्ज पाठवून ती घरी आली आणि चुलीवर सुक्या मासळीच्या कालवणात तिळाचं कूट ढवळता ढवळता अशी काही मोठ्यानं गायला लागली, की तिचा नवरा आमोको मुलांच्या वह्या तपासायच्या सोडून उठून आला.

"काय गं, कुणाचं लग्न ठरलं?"

"माझंच समज! अर्ज केलाय मी. नदीपलीकडे अरुआ शहरातल्या मदत संस्थेत. शासकीय भागीदारी अधिकारी!"

"नाव तर भारदस्त आहे. करायचं काय असतं?"

"आत्ता करते तेच. फक्त टेबलाच्या पलीकडे बसून."

आमोको मास्तर हसला, पण त्याला ते पटलं. अजुमानीच्या जिल्हा कचेरीत आन्झोआ वीस वर्षं होती. सीमेपलीकडून दक्षिण सुदानचे निर्वासित येत, त्यांच्या मागोमाग संस्था येत, आणि प्रत्येक संस्थेचं घोडं कुणाच्या तरी सहीपाशी अडे. विहीर खोदायला सही, शाळा बांधायला सही, गोदामाला जागा द्यायला सही. मग संस्थेची माणसं आन्झोआच्या खुर्चीपाशी येऊन उभी राहत. ती कुणाला चहा पाजी, कुणाची चेष्टा करी, कुणाला चक्क दटावी, आणि संध्याकाळपर्यंत कागद बाहेर येई. कचेरीत तिला सगळे 'किल्ली' म्हणत.

दुसऱ्या दिवशी ती वुचिरी साहेबांच्या खोलीत गेली. वुचिरी साहेब म्हणजे जिल्ह्याचे दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी. शिस्तीचे, जाड भिंगांचे, वर्षअखेर निवृत्त होणारे.

"साहेब, एका नोकरीसाठी शिफारस हवीय. तुमचं नाव दिलंय मी."

"बरं केलंस. कुठली नोकरी?"

तिनं सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"अगं बाई, तिथं मीसुद्धा अर्ज केलाय."

आन्झोआला हसूच आवरेना. "पण साहेब, तुम्ही तर निवृत्त होणार!"

"म्हणून तर! घरी बसून काय बायकोच्या कोंबड्या वळू? आणि हसतेस काय? प्रतिस्पर्धी आहे मी तुझा."

कचेरीत तट पडले. हिशेबनीस साहेबांच्या बाजूनं, टंकलेखनाच्या बायका झाडून आन्झोआच्या बाजूनं. आठवड्याभरात दोघांनाही बोलावणं आलं, तेही एकाच दिवसाचं. साहेब म्हणाले, "माझ्या पुतण्याची गाडी जातेय. चल माझ्याबरोबर. वैर अरुआला पोचल्यावर करू."

भल्या पहाटे निघाले. नाइलच्या काठी पोचले तर फेरीबोट काठाला बांधलेली. वरच्या अंगानं पपायरसच्या गवताची तरंगती बेटं वाहत आली होती आणि त्यांनी पात्र पार बुजवून टाकलं होतं. बोट कधी सुटेल हे कुणालाच सांगता येईना.

"संपलं," साहेब म्हणाले. "चला परत."

"परत?" आन्झोआनं कोळ्यांच्या लाकडी होड्यांकडे बोट दाखवलं. "ती बघा, गवताच्या फटीतून कशी जातायत. गाडी राहू दे इथंच. बूट काढा, साहेब."

"मला पोहता येत नाही."

"मला येतं. मी धरीन तुम्हाला. एकच उमेदवार पोचला तर जिंकण्यात मजा काय?"

होडी सुटली. साहेब मधोमध बसले, बूट छातीशी, आणि दुसऱ्या हातानं आन्झोआचं मनगट असं आवळून धरलेलं की तिच्या बांगड्या रुतल्या. गवताचं एक बेट घासून गेलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

"काहीतरी बोल," ते पुटपुटले. "प्रश्न विचार मला. मुलाखतीचे."

"बरं. तुम्हाला ही नोकरी का हवी?"

साहेब डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाले, "उद्या माझी कुणालाच गरज लागणार नाही याची भीती वाटते गं."

आन्झोआनं यावर चेष्टा केली नाही. दुसरा हात त्यांच्या हातावर ठेवला आणि होडी काठाला लागेपर्यंत तो तसाच राहू दिला.

पुढं एकाच बोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवर, दोघं मोयो गावाला, तिथून खचाखच भरलेल्या टॅक्सीतून अरुआला. पोचले तेव्हा साहेबांच्या सुटाची विजार गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली, आन्झोआच्या केसांत गवत. पण तिच्या छातीत नगारा वाजत होता. भीतीचा नव्हे, लहानपणी नदीत उडी टाकायच्या आधी वाजायचा तसा.

साहेबांना आधी बोलावलं. ते घाम पुसत बाहेर आले.

"काय विचारलं?"

"सांगणार नाही," साहेब म्हणाले. मग पाण्याची बाटली तिच्या हातात देऊन म्हणाले, "घसा ओला कर आधी. आणि भराभरा बोलू नकोस."

आत तिघं होते. मधे बसलेल्या, राजधानी कंपालाहून आलेल्या बाईंनी विचारलं, "समजा, मंत्री यायचे आहेत. जिल्हा म्हणतो, दौऱ्यासाठी तुमची गाडी द्या, नाहीतर करारावर सही नाही. तुम्ही काय कराल?"

आन्झोआ खो खो हसली. मग जीभ चावली. "माफ करा. असली पत्रं मीच लिहीत आलेय. गाडी हे रुसव्याचं नाव असतं, बाई. कुणाला तरी आधी विचारलेलं नसतं, कुणाला तरी परस्पर वगळलेलं असतं. मला तसं वगळलं असतं तर मीही गाडीच मागितली असती. मी गाडी देणार नाही. कोण रुसलंय ते शोधीन आणि त्याच्या दारात जाऊन बसेन."

"आणि तरीही सही नाही मिळाली तर?"

आता मात्र ती हसली नाही. "मी लहान असताना आम्ही निर्वासित होतो. इकडच्या लढाईतून पळून सुदानात. एकदा ज्वारीचा ट्रक छावणीच्या फाटकाबाहेर उभा राहिला. कुणाची तरी सही नव्हती. वास आत यायचा. माझी बहीण फाटकाच्या जाळीला नाक लावून बसायची. म्हणून मी परत जाईन. सही मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा जाईन."

बाईंनी लिहायचं थांबवलं होतं.

नंतरचे दिवस आन्झोआनं निखाऱ्यावर बसल्यासारखे काढले. फोन वाजला की ती दचके. तो आमोकोच्या शाळेचा नाहीतर चर्चच्या गायनमंडळाचा असे. एके सकाळी फोन वाजला तो वुचिरी साहेबांच्या खोलीत. ते उठले आणि त्यांनी दार लावून घेतलं. खिडकीतून आन्झोआला ते दिसत होते: आधी ताठ बसलेले, मग खुर्चीत जरासे खचलेले, आणि मग एकदम हातवारे करकरून बोलणारे.

ते बाहेर आले तेव्हा सगळी कचेरी उभी होती.

"अरुआहून फोन होता," साहेब म्हणाले. "माझ्यासाठी नाही. तुझ्याबद्दल विचारायला. शिफारस मागत होते."

"साहेब..." आन्झोआ पुढं आली.

"म्हणाले, तिच्यात काही दोष आहे का? म्हटलं, आहे. नकार ऐकूच येत नाही तिला." त्यांचे डोळे हसत होते. "आणि म्हटलं, बुडत्या माणसाला धरून पलीकडे नेते. होडीसकट."

टंकलेखनाच्या बायकांनी जिभा भराभर हलवत अशा काही आनंदाच्या किलकाऱ्या मारल्या की रस्त्यावरची माणसं आत डोकावली. आन्झोआनं, वीस वर्षांत पहिल्यांदाच, साहेबांना कचकचून मिठी मारली, आणि त्यांचा चष्मा वाकडा झाला.

नेमणुकीचं पत्र पुढच्याच आठवड्यात आलं. साहेब वर्षअखेर निवृत्त झाले आणि महिन्याभरात निर्वासितांच्या शाळा समितीवर जाऊन बसले. आन्झोआनंच त्यांच्या दारात ठाण मांडून त्यांना नेलं होतं. नव्या नोकरीत त्या समितीशी तिची पहिली बैठक झाली, तेव्हा वुचिरी साहेबांनी मागण्यांची सुरुवातच गाडीपासून केली.