ज्योतीमावशीचं एक लाल

ज्योतीमावशीला झपाटलंय अशी गल्लीत बोलवा आहे, कारण भरदुपारी ती संगणकाला विनवते, ‘अर्धा अन् दोन चतुर्थांश सारखेच ना रे बाबा?’ झपाटलं-बिपाटलं काही नाही. सराफ्यातल्या सोनारांसाठी ती तोळा-मासा अपूर्णांकांत मोजणारा प्रोग्राम लिहिते आणि तिला स्वतःला उत्तर आधीच ठाऊक असलेले प्रश्न त्याला विचारून तपासते. उत्तर बरोबर आलं की पडद्यावर हिरवं, चुकलं की लाल. सोमवारी सगळं हिरवं दिसलं नाही, तर नोकरी गेली.

साहेब फोनवर नाकातून गातात, ‘मैडम जी, हो गया क्या?’

‘होऊन राहिलं, सर,’ म्हणून ती डोकं धरून बसते. एक सुधारावं तर दुसरं बिघडतं.

रविवारी एकच लाल उरलं. उणे चिन्ह छेदात गेलं की प्रोग्राम उणे अर्ध्याला ओळखेना. तिनं ते चिन्ह वर अंशात आणलं.

‘आता सगळं हिरवं! खोवा जलेबीची पैज!’ तिच्या खांद्यावरून बघत मी, तिचा भाचा, ओरडलो.

‘काहून हरून राहिला बे?’ म्हणत तिनं बटण दाबलं.

उणे अर्धा हिरवा झाला आणि कालपर्यंत नीट चालणारी बेरीज लाल.

जलेबी मीच आणली. तिनं हात लावला नाही.