रबरी कड्याखालचा थर

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही—घरीसुद्धा नाही. तुम्हाला सांगते आहे, तेही अडखळत.

पदवी घेऊन वीस वर्षे लोटल्यावर, त्रेचाळिसाव्या वर्षी, मी पहिली नोकरी धरली: कात्रजच्या पुढे, एका लहान चीज कारखान्याच्या प्रयोगशाळेत. यंत्रांवर निर्जंतुक कापसाची काडी फिरवायची आणि जंतू वाढतात का ते पाहायचे, एवढेच काम. एकच जागा अवघड—दुधाच्या पाइपमधल्या व्हॉल्व्हचे रबरी कडे. त्याच्या खाचेत जंतू चिकट थर धरून बसतात. वरून कितीही औषधी पाणी सोडले तरी थराखाली सुखरूप राहतात. म्हणून दर सोमवारी व्हॉल्व्ह उघडूनच नमुना घ्यायचा.

उघडून देणार फिटर, कोंढरेकाका. दुसऱ्याच सोमवारी ते सर्वांदेखत म्हणाले, “मॅडम, व्हॉल्व्ह हाय त्यो, जेवणाचा डबा न्हाय सारखा उघडून बघायला.” सगळे हसले. मी पुन्हा विचारलेच नाही. काडी पाइपच्या चकचकीत बाहेरच्या अंगावर फिरवत राहिले आणि नमुन्याच्या नळीवर लिहीत राहिले—‘कडे, आतील बाजू’. नऊ महिने.

मग चीजमध्ये घातक जंतू सापडले. पुन्हा सापडले. माझ्या अहवालांत यंत्रे निर्मळ होती—मग उरले कोण? पॅकिंगच्या बायका. कोणाची नखे वाढली, कोण हात न धुता आली, यावर सर्वांची नजर. माझीही. आणि—हे लिहिताना लाज वाटते—मला खराच संशय येऊ लागला होता. वाशीमकडच्या वंदनाताईंचा. त्यांच्या तळहातांना भेगा होत्या.

“पाहा न मॅडम,” त्यांनी हात पुढे केले, “तुमच्याच औषधाच्या पाण्यानं उलले हे.”

मी नमुना घेतला. निघाले ते कोणाही माणसाच्या कातडीवर असतात तसले साधे जंतू. मी अहवालात लिहिले, ‘हातांवर जंतू आढळले.’ कोणते, ते लिहिले नाही. त्यांना कामावरून काढले.

पुढच्याच आठवड्यात व्हॉल्व्ह गळू लागला. काकांनी तो उघडला. कड्याखाली पिवळसर, बुळबुळीत थर. काकांनी थराकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“हे तुमी दर सोमवारी तपासत व्हता न्हवं?”

मी ‘हो’ म्हणाले. कडे बदलले, जंतू थांबले. बाई गेल्या आणि पीडा गेली, असेच सर्वांनी मानले. काका मात्र तेव्हापासून माझी थट्टा करत नाहीत. त्यांना कळले असेल का? असावे.

गेल्या महिन्यात वंदनाताईंचा फोन आला. दुसऱ्या डेअरीत विचारतात, आधीचे काम का सुटले. “माझ्या हातांवर तसं काही नव्हतं, एवढं लिहून द्याल का?” त्यांनी विचारले.

ते माझ्या अधिकारात नाही, असे मी म्हणाले. त्या म्हणाल्या, “बरं मॅडम.” अहवालाखाली सही माझीच होती.