चार्टच्या बाजूचा माणूस

वासुदेव ढगे बार्शी आगारात एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते. नोकरी संपली, पण आवाज काही निवृत्त झाला नाही. २००५च्या उन्हाळ्यात तीन महिन्यांसाठी मुलाकडे, नेदरलँड्समधल्या हार्लेमला आले, तर जेवायला बोलावतानाही तोच स्टँडवरच्या भोंग्याचा सूर : "आशुतोष, मृदुला... आमटी टेबलावर लागलेली आहे. कृपया त्वरित यावे."

आशुतोष सकाळी सातला सायकल काढून ॲमस्टरडॅमच्या झुइडास भागातल्या ऑफिसकडे सुटायचा, तो संध्याकाळी सातला उगवायचा. शेजारी हसून मान हलवत आणि दार लावून घेत. बोलायला माणूस नाही. पंधरा दिवसांत वासुदेवरावांनी समोरच्या थांब्यावरच्या बसचं वेळापत्रक पाठ केलं, आणि बस दोन मिनिटं उशिरा आली की खिडकीतून ड्रायव्हरवर डोळे वटारू लागले.

शेवटी मृदुलानेच मार्ग काढला. डच जिभेवर बसावी म्हणून ती शनिवारी 'रोडे लेउवन', म्हणजे लाल सिंह, नावाच्या बेसबॉल क्लबच्या कँटीनमध्ये मदतीला जाई. एका शनिवारी तिने सासऱ्यांना तिथे नेलं आणि मैदानाकाठच्या हिरव्या बाकावर हेंक आणि कोर या दोन म्हाताऱ्यांच्या मधे बसवलं. ते दोघं चाळीस वर्षं एकाच बाकावर बसून भांडत होते. मधली जागा रिकामी ठेवत, ती फक्त हात उडवायला.

हेंक म्हणजे तोफ. "न्हे, न्हे, न्हे! हा कोच आहे की माळी?" कोर म्हणजे उसासा. तो दर वाक्याआधी डच लोकांचा, 'आता काय म्हणावं' अशा अर्थाचा, एक लांब "त्या..." सोडायचा आणि बराच वेळ पुढे काही यायचंच नाही. वासुदेवराव मोडक्या इंग्रजीत दोघांचाही न्याय करत. चौथ्या शनिवारी ते दहा मिनिटं उशिरा पोचले, तर त्यांची जागा हेंकच्या टोपीने धरून ठेवलेली. त्या रात्री त्यांनी बार्शीला फोन करून सांगितलं, "इथं माझी जागा आहे."

ऑगस्टअखेर क्लबच्या मैदानावर चार संघांची स्पर्धा ठरली. वेळापत्रक कँटीनच्या फळ्यावर लागलं. शनिवारी सकाळी दहाला लाल सिंहांचा सामना, संध्याकाळी सातला दोन-अडीच तासांवरून येणाऱ्या एनस्खेडे आणि ग्रोनिंगनचा. दोन्ही विजेत्यांची अंतिम लढत रविवारी सकाळी दहाला, कारण दुपारी क्लबचं बार्बेक्यू.

हेंक पेटला. "शनिवारी दहाला! आमची पोरं तेव्हा अंथरुणात असतात. अन्याय!"

"त्या... चिठ्ठ्या टाकूनच ठरलंय," कोर म्हणाला.

वासुदेवराव फळ्यासमोर उभे राहिले. चष्मा पुसला. मग सुपरमार्केटच्या पावतीच्या पाठीवर उभ्याआडव्या रेघा मारू लागले. मृदुलाला ते चित्र ओळखीचं होतं. आगारातला ड्यूटी चार्ट.

"अगं, हे चुकलंय," ते हळूच म्हणाले. "पण हेंक म्हणतो तिथं नाही. संध्याकाळचा सामना संपणार दहाला. जिंकलेली टीम घरी पोचणार मध्यरात्रीनंतर आणि सकाळी सातला पुन्हा रस्त्यावर. आपले लोक मात्र शनिवारी दुपारी एकपासून मोकळे. उशिरा परतलेल्या ड्रायव्हरला मी कधी पहिली गाडी दिली नाही. साहेबांनी सांगितलं तरी नाही."

"बाबा, म्हणजे फायदा आपलाच आहे."

"म्हणून तर सांगायचं."

"हेंक चिडेल हो. एवढी माणसं मिळालीत तुम्हाला..."

वासुदेवरावांनी बाकाकडे पाहिलं. टोपी अजून त्यांच्या जागेवरच होती. "तू भाषांतर कर," ते म्हणाले.

मृदुलाने केलं. अंतिम सामना दुपारी तीनला, बार्बेक्यू त्यानंतर.

हेंकचा चेहरा टोमॅटो झाला. "बार्बेक्यू हलवायचं? त्यांच्यासाठी? वासू, तू आहेस तरी कुणाच्या बाजूचा?"

"चार्टच्या," वासुदेवराव म्हणाले.

कोच रॉबने पावती हातात घेतली, उलटीसुलटी केली, दोन्ही पाहुण्या संघांना फोन लावले आणि फळ्यावर दहा खोडून तीन लिहिलं. हेंकने बाकावरची टोपी उचलली, डोक्यावर घातली आणि निघून गेला.

तो आठवडा वासुदेवरावांनी बसकडेही पाहिलं नाही.

शनिवारी लाल सिंह जिंकले. रविवारी तीनला समोर एनस्खेडेचा संघ, झोप काढून ताजातवाना. हेंक बाकाच्या पार टोकाला बसला होता, पाठ अर्धी वळवून. नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात लाल सिंह चार-तीनने पुढे. पण एनस्खेडेचे दोन गडी बेसवर, आणि आपला पिचर यरून पहिल्यापासून चेंडू टाकतोय.

"बदला त्याला!" कोर ओरडला. उसासा न सोडता.

"वेड लागलंय? त्याने खेचलाय सामना, त्यालाच संपवू दे!" हेंक गरजला. मग न राहवून वळला. "वासू? तू सांग."

वासुदेवराव यरूनकडे पाहत होते. तो टोपी सारखी करत होता. एक चेंडू, टोपी. दुसरा चेंडू, टोपी.

"दमलेला ड्रायव्हर आधी आरसा नीट करतो," ते म्हणाले. "आरसा नीटच असतो. बदली द्या."

रॉब मैदानात गेला, यरूनशी बोलला, खांद्यावर थाप मारून एकटाच परत आला.

"मी ठीक आहे म्हणाला असणार," वासुदेवराव पुटपुटले. "दमलेलाच तसं म्हणतो."

पुढचा चेंडू कुंपणापर्यंत गेला. बेसवरचे दोघंही धाव पुरी करून होमला पोचले. पाच-चार. लाल सिंहांना शेवटच्या फलंदाजीत एकही धाव काढता आली नाही.

सकाळी दहाला खेळलो असतो तर, हे तिघांच्याही मनात होतं. हेंक उठला, तेव्हा वासुदेवरावांना वाटलं, झालं, संपलं. त्यांनी छत्री उचलली.

तेवढ्यात एनस्खेडेचा कोच, घामाने निथळलेला, कुंपणाशी आला. "वेळ बदलायला लावणारा माणूस कोण? आमच्या पोरांना त्याचा हात हातात घ्यायचाय." मग वासुदेवरावांकडे पाहून त्याने चाचरत विचारलं, "हे... तुमचे पाहुणे का?"

"पाहुणे?" हेंकची तोफ धडाडली. सगळं मैदान वळलं. "पाहुणा तू! हा आमचा माणूस आहे. आमच्या क्लबचा. असा माणूस आहे का तुमच्याकडे, स्वतःच्या टीमचा फायदा सोडून देणारा? आम्ही हरलो, पण सरळ हरलो. हे तुझ्या एनस्खेडेला जाऊन सांग!"

मृदुला भाषांतर करायला धावत आली, पण वासुदेवरावांनी तिला हातानेच थांबवलं. त्यांना सगळं कळलं होतं. ते ताठ उभे राहिले, स्टँडवर मोठे साहेब तपासणीला आल्यावर राहत तसे, आणि एकेका पोराशी हात मिळवला.

मग बार्बेक्यूच्या रांगेत, सगळ्यांनी पुढे जायला सांगूनही, शेवटी जाऊन उभे राहिले. तिकडे बाकावर हेंकने त्यांची जागा टोपीने धरून ठेवली होती.