रत्नपारखी साहेबांच्या संत्र्याच्या गोळ्या

"फक्त सही करायची आहे, मॅडम. तुम्हाला काही लिहायचं नाही."

रत्नपारखी साहेब माझ्या टेबलासमोर उभे होते. टी-शर्ट घामानं चिंब, पायांत पोपटी बूट, हातात नोटीस. साहेब आमचे प्लांट हेड. वाळूजला गाड्यांचे सुटे भाग बनवणारा आमचा कारखाना आणि मी तिथली डॉक्टर. कारखान्यातल्या दवाखान्याला ओएचसी म्हणतात. दोन खाटा, एक सिस्टर, एक ॲम्ब्युलन्स आणि सिक लीव्ह मागणाऱ्यांची रांग, एवढा त्याचा पसारा.

नोटिशीत लिहिलं होतं की सोमवारपासून प्रत्येक कामगाराला कँटीनमध्ये व्हिटॅमिन सी आणि ई च्या गोळ्या मिळतील, त्यानं दम वाढतो, थकवा जातो, आणि ही शिफारस कंपनीच्या डॉक्टरांची आहे. शिफारस मी केलेली नव्हती. साहेबांना ती किरकोळ बाब वाटत होती.

हे सगळं पळण्यापासून सुरू झालं. त्या काळात पाऊस सलग दुसऱ्या वर्षी दडी मारून बसला होता आणि शहर मात्र बायपास ओलांडून शेंद्र्याच्या एमआयडीसीच्या दिशेनं सुटलं होतं. नव्या टॉवरांच्या जाहिरातींत जॉगिंग ट्रॅक असायचा. नळाला पाणी कधी येईल ते कुणी सांगत नव्हतं, मॅरेथॉन मात्र दर रविवारी कुठं ना कुठं असायचीच. साहेबही असल्याच एका टॉवरात राहायला गेले आणि पन्नाशीत पळायला लागले. महिन्याभरात कंपनीचा रनिंग ग्रुप निघाला. साहेब पळतात म्हटल्यावर गुडघे दुखणारे मॅनेजरसुद्धा पळायला लागले.

मग कुणीतरी साहेबांना अँटिऑक्सिडंट हा शब्द शिकवला. पळताना स्नायू जास्त ऑक्सिजन वापरतात आणि त्यातून फ्री रॅडिकल्स नावाचे थोडे उपद्रवी कण तयार होतात. अँटिऑक्सिडंट म्हणजे त्यांना गप्प बसवणारे पदार्थ. ते पेरूत असतात, आवळ्यात असतात, शेंगदाण्यात असतात. पण पेरू खाल्ल्यानं माणूस ॲथलीट दिसत नाही. पाण्यात टाकल्यावर फसफसणारी संत्र्याची जाडजूड गोळी घेतली की दिसतो. साहेब दिवसाला दोन घ्यायचे, लांब पळायचं असलं की तीन. शिवाय व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल. दिवसाच्या गरजेच्या कितीतरी पट.

ग्रुपची कॅप्टन होती सुषमा खंदारे, आमची मेंटेनन्स इंजिनिअर. हुशार पोरगी, पण गोळ्यांच्या बाबतीत साहेबांची पट्टशिष्या. ती एकदा बोटाला मलमपट्टी करून घ्यायला आली, तेव्हा मी तिला विचारलं, "मशीनचा सायरन वाजला की तू काय करतेस?"

"पळत जाते. बेअरिंग बघते, दुरुस्ती करते."

"आणि सायरनला कापूस कोंबून ठेवला तर?"

"मग मला कळणारच नाही."

मी म्हणाले, ते उपद्रवी कण म्हणजे तुझ्या स्नायूंचा सायरन आहे. इथं काम वाढलंय, दुरुस्ती करा, ताकद वाढवा, असा निरोप त्यातून शरीराला जातो. सरावाचा फायदा त्या निरोपातूनच होतो. मोठ्या डोसच्या गोळ्या सायरनला कापूस कोंबतात. त्यानं वेग घटतोच असं ठामपणे कुणी म्हणू शकत नाही, पण साध्या चारीठाव जेवणाऱ्या माणसाला त्यानं दम वाढल्याचं काही नीट सिद्ध झालेलं नाही.

सुषमानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण मॅडम, नुकसान तर नाय ना?" नुकसान नाही ना, या प्रश्नावर देशातली अर्धी औषधाची दुकानं चालतात.

नुकसानीची सोय साहेबांनी स्वतःच करून ठेवली होती. दुष्काळ म्हणून कारखान्यात पाणी वाचवायची मोहीम निघाली. लॉन वाळलं, ते ठीकच झालं. पण पुढारी माणसानं स्वतःपासून सुरुवात करावी म्हणून साहेबांनी सकाळच्या सरावातल्या पाण्याच्या बाटल्या बंद केल्या. एकेक पेला मिळायचा. साहेब अर्धाच प्यायचे, तेही सगळ्यांना दिसेल असं. गोळी विरघळायला लागायचं तेवढंच पाणी. बाहेर ऊन असं, की डांबर चपलेला चिकटायचं. मी दोनदा जाऊन सांगितलं, मोहीम नळाला लावा, माणसांना लावू नका. साहेब हसून म्हणाले की डॉक्टर लोक फार घाबरट असतात.

तर आता तेच साहेब माझ्यासमोर सहीसाठी उभे होते. मी म्हणाले, सही होणार नाही. साडेआठशे माणसांना कारण नसताना गोळ्या द्या असं मी लिहून देणार नाही. कुणाला कसला आजार आहे, कोण आधीच काय घेतंय, हे मला माहीत नाही.

साहेब आवाज न चढवता म्हणाले, "तुमचं कॉन्ट्रॅक्ट जूनमध्ये रिन्यूअलला येतंय ना?"

येत होतं. मुलीची बारावी होती आणि टॉवरातला एक फ्लॅट आम्हीही बुक करून बसलो होतो. तरी मी पेनाला टोपण लावलं.

साहेब पुढं काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात त्यांनी टेबलाची कड धरली. चेहरा पांढराफटक पडला. हात डाव्या कुशीवर गेला आणि ते हळूहळू वाकत खाली बसले.

"गॅस आहे," साहेब म्हणाले.

आमचा ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर बाबूभाई दारात उभा होता. तो म्हणाला, "मॅडम, गॅस में आदमी ऐसा नै मुडता." बाबूभाईनं बरेच पेशंट नेले होते. त्याचं म्हणणं मलाही पटलं. कमरेवर हलकंसं थोपटलं तर साहेब खाटेवरून वीतभर उडाले. लघवीच्या तपासणीत रक्त निघालं. दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं आणि मी त्यांना ॲम्ब्युलन्समधून शहरातल्या हॉस्पिटलला घेऊन गेले. सोनोग्राफीत मूत्रनळीत अडकलेला खडा दिसला.

तिथल्या सर्जननं विचारलं, काही गोळ्या चालू आहेत का? साहेबांनी मान हलवली, नाही. सर्जनला नंतर बाजूला घेऊन सांगायचं मी ठरवलं. पेशंटला तोंडावर खोटं पाडणं मला जमत नाही, आणि हा पेशंट माझा साहेबही होता. तेवढ्यात साहेबांच्या घरून वहिनी आल्या. त्यांनी नवऱ्याकडं एकदा बघितलं आणि सर्जनला शांतपणे सगळं सांगितलं. गोळ्यांची नळकांडी देवघरातसुद्धा असते, कॉलेजात असताना यांना एकदा खडा झाला होता, आणि डॉक्टरांनी तेव्हाच भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं. खड्याचं हे कारखान्याच्या मेडिकलमध्ये साहेबांनी कधी सांगितलं नव्हतं.

जास्तीचं व्हिटॅमिन सी शरीर साठवून ठेवत नाही. त्यातल्या काही भागाचं ऑक्झलेट होतं आणि ते लघवीतून बाहेर पडतं. पाणी कमी असलं की त्याचे स्फटिक जमतात. साहेबांचा खडा केवळ गोळ्यांनीच झाला असं मी शपथेवर सांगणार नाही. प्रवृत्ती होती, ऊन होतं, अर्ध्या पेल्याची मोहीम होती. गोळ्यांनी आपला वाटा उचलला, इतकंच.

खडा बारीक होता, औषधानं आणि पाण्यानं पडला. परत आल्यावर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी मनात राजीनाम्याचा मजकूर जुळवत गेले. साहेबांनी आधी बाटलीतलं पाणी संपवलं. मग म्हणाले, "मॅडम, ती नोटीस मी फाडली. कामगारांपैकी कुणाला असं झालं असतं तर?"

त्या वाक्यासाठी मी त्यांचं बरंच माफ केलं.

पाण्याच्या बाटल्या पुन्हा सुरू झाल्या. सुषमानं गोळ्या सोडल्या. पुढच्या शर्यतीत तिची वेळ चांगली सुधारली. ती म्हणाली, गोळ्या सोडल्यामुळंच. मी म्हणाले, तसं म्हणता येत नाही, तू झोपायलाही लागलीस आणि पाणीही पितेस. तिला माझं उत्तर अजिबात आवडलं नाही.

कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं. वर साहेबांनी नवा नियम काढला, की डॉक्टर मॅडमच्या सहीशिवाय आवारात कुठलंही टॉनिक, पावडर, चूर्ण चालणार नाही. तेव्हापासून माझ्या टेबलावर प्रोटीनचे डबे आले, वजन उतरवायचे काढे आले, बाबूभाईचं केस उगवायचं तेल आलं. प्रत्येकाला पाच मिनिटं समजावून सांगायचं, आणि त्यानं शेवटी विचारायचं, पण नुकसान तर नाय ना? नोकरीत खरं बोलावं, जरूर बोलावं. फक्त त्याचं बक्षीस जादा कामाच्या रूपानं मिळतं, आणि त्याला ओव्हरटाइम लागू नाही.