मिक्सरवाल्या पिक्चरचे नाना

वाघोलीत जयसिंग नानांना ओळखत नाही असा माणूस भेटला, तर समजावं की तो कालच भाड्यानं राहायला आलाय. नानांचं घर विचारलं की लोक सांगायचे, ‘दुपारी ज्या बंगल्यातून ढिशुम ढिशुम ऐकू येईल, तेच.’

नानांचं निम्मं आयुष्य म्हशींत गेलं. गोठा, धार, सायकलला लटकवलेल्या किटल्या आणि पार येरवड्यापर्यंत दुधाचा रतीब. मग नगर रोडला कॉलेजं आली, कॉलेजांमागून खराडीला आयटी कंपन्या आल्या, आणि गोठ्याच्या जागी चार मजली इमारत उभी राहिली. म्हशी गेल्या, भाडेकरू आले. भाडेकरूंना चारा घालावा लागत नाही, त्यामुळे नानांची दुपार एकदम मोकळी पडली. मोकळा माणूस आणि मोकळा बैल गावाला सारखाच ताप देतात, असं त्यांच्या सौभाग्यवती विजयमालाबाई म्हणायच्या. त्यांनीच एक दिवस वैतागून रिमोट नानांच्या हातात दिला.

बटणं दाबता दाबता नाना एका तेलुगू पिक्चरला जाऊन धडकले. पिक्चर हिंदीत डब केलेला. त्याला हिंदी नाव काहीतरी खतरनाक होतं, पण नाना त्याला आपले ‘मिक्सरवाला पिक्चर’ म्हणायचे. गोष्ट अशी, की हिरो गावोगाव मिक्सर दुरुस्त करत हिंडणारा भोळसट पोरगा. तो जातो नेमका सिंगन्ना नावाच्या दांडग्या जमीनदाराच्या घरी आणि त्याच्याच मुलीच्या प्रेमात पडतो. सिंगन्नाच्या मागं पांढऱ्या गाड्यांची रांग, गाड्यांत पांढऱ्या शर्टातले मिशाळ गडी, गड्यांच्या हातात कोयते. हिरो बिचारा अर्धा पिक्चर लपत फिरतो, कधी पिठाच्या कोठीत, कधी म्हशीच्या पोटाखाली. आणि इंटरव्हलनंतर फ्लॅशबॅक निघतो, की हा पोरगा मिक्सरवाला नव्हेच, यानं पूर्वी एकट्यानं सगळा तालुका आडवा केलाय. म्हशीचा प्रसंग आला की नाना हसता हसता सोफ्यावरून घसरायचे. ‘म्हैस एवढी गप उभी ऱ्हात न्हाई,’ एवढा एकच त्यांचा आक्षेप होता.

चॅनेलवाल्यांनाही दुसरा उद्योग नसावा. चार दिवस झाले की पिक्चर पुन्हा हजर. नानांना सगळे डायलॉग पाठ झाले. खरं सांगायचं तर नानांना हिंदी येत होती ती तेवढीच.

असं सगळं सुखात चाललं असताना तेजस्विनीनं, म्हणजे नानांच्या एकुलत्या एक लेकीनं, जेवताना विषय काढला. ती खराडीच्या एका आयटी कंपनीत होती. “पप्पा, ऑफिसमधला एक मुलगा मला आवडतो. साई नाव आहे. लग्न करीन तर त्याच्याशीच. फक्त तो आपल्यातला नाही, तेलुगू आहे.”

नानांच्या हातातला भाकरीचा तुकडा कालवणात पडला. जात, भाषा, गावकी, लोक काय म्हणतील, या सगळ्यांची उत्तरं तेजस्विनीनं तयार ठेवली होती. नानांनी भलतंच विचारलं.

“त्येंच्या घरी गाड्या किती हायेत?”

“एक स्कूटर आहे बहुतेक. का?”

“आन भावकीत काय वैर-बिर?”

विजयमालाबाईंनी कपाळाला हात लावला. “बघा पिक्चर अजून,” एवढंच म्हणाल्या.

आता नाना काही खुळे नव्हते. पिक्चर खोटा असतो हे त्यांनाही कळत होतं. पण दुसऱ्याच्या पोरीचा पिक्चर वेगळा आणि आपल्या पोरीचा वेगळा. तिकडचं गाव, तिकडची माणसं, तिकडची रीत यातलं त्यांना दुसरं काही म्हणजे काहीच ठाऊक नव्हतं. जे माहीत होतं ते सगळं त्या टीव्हीतून आलेलं. ज्या कोयत्यांना ते इतके दिवस हसले, ते आता त्यांच्या स्वप्नात यायला लागले. त्यांनी पिक्चर बघणं बंद केलं. बंगल्यात दुपारी शांतता पसरली, तसे शेजारी नानांच्या तब्येतीची चौकशी करून गेले.

साई घरी येऊन गेला. काटकुळा, चष्मेवाला, दोनदा ताक मागून घेणारा, सोफ्याच्या अगदी कडेवर बसणारा पोरगा. विजयमालाबाईंना तो बघताक्षणी आवडला. नानांनाही आधी हायसं वाटलं, आणि लगेच आठवलं की हिरोसुद्धा सुरुवातीला असाच असतो.

“वडील काय करत्यात?”

“पोस्टात होते. आता रिटायर्ड आहेत,” साई त्याच्या ऑफिसात शिकलेल्या मराठीत म्हणाला.

“त्येच्या आधी?”

“आधी पण पोस्टातच.”

“आन फ्लॅशब… न्हाई, काय न्हाई. ताक घ्या अजून.”

शेवटी साईचे आईवडील मुलगी बघायला आंध्रातल्या त्यांच्या गावाहून पुण्यात येणार असं ठरलं. हडपसरला साईच्या फ्लॅटवर उतरणार आणि रविवारी सकाळी वाघोलीला येणार. नानांची पाचावर धारण बसली. त्यांनी आपला चुलतभाऊ हिंदुराव याला गाठलं. हिंदुराव म्हणजे गावातल्या मित्रमंडळाचा अध्यक्ष. कुणाचं बारसं असो की बारावं, हिंदुरावाचा गॉगलमधला फोटो फ्लेक्सवर असायचाच.

“फार काय न्हाई,” नाना म्हणाले, “चार माणसं असू दे आपली. पाव्हण्यांना नुसतं दिसलं पायजे, की पोरगी एकटी न्हाई. तिच्या मागं माणसं हायेत.”

हिंदुरावाला चार हा आकडा कधीच पटला नाही. रविवारी सकाळी अंगणात सगळं मंडळ हजर. लग्नाची बोलणी म्हणून झाडून सगळे पांढऱ्याशुभ्र शर्टात, गळ्यात सोन्याचे साखळदंड, मिशांना पीळ. फाटकाबाहेर पांढऱ्या स्कॉर्पिओ ओळीनं लावलेल्या. फाटकावर पाहुण्यांच्या स्वागताचा फ्लेक्स आणि त्यावर एका डरकाळी फोडणाऱ्या वाघाभोवती सगळ्या मंडळाचे गॉगलवाले चेहरे. शिवाय, तिकडच्या लोकांना शहाळं आवडतं असं कुणीतरी सांगितल्यावरून नानांनी नाक्यावरच्या पोपट शहाळेवाल्याला हातगाडीसकट अंगणात आणून उभं केलं होतं.

विजयमालाबाई दारात आल्या. त्यांनी अंगणावरून एक नजर फिरवली आणि विचारलं, “अहो, मुलगी दाखवायचीय की मतपेट्या पळवायच्यात?”

नानांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली.

रिक्षातून आधी साई उतरला. त्याच्या मागून एक बुटके, चंदन लावलेले, छत्री घेतलेले गृहस्थ निम्मे बाहेर आले. ते साईचे वडील, सुब्बाराव. आत साईची आई, कांतम्मा, मांडीवर मिठाईचा पुडा घेऊन बसलेल्या. सुब्बारावांनी गाड्या पाहिल्या. फ्लेक्सवरचा वाघ पाहिला. पांढऱ्या शर्टांची भिंत पाहिली. आणि नेमक्या त्याच क्षणी, पाहुण्यांचं पहिलं स्वागत आपणच करावं म्हणून पोपट ‘या, या पाव्हणं’ करत सगळ्यांच्या पुढं धावत सुटला. त्याच्या डाव्या हातात शहाळं होतं, पण सुब्बारावांना दिसला तो उजवा हात. त्यात कोयता होता.

सुब्बारावांनी साईची कॉलर धरून त्याला आत ओढलं आणि तेलुगूत असं काही ओरडले, की एक अक्षर न कळताही रिक्षावाल्यानं रिक्षा जागच्या जागी फिरवली आणि धूम ठोकली.

अंगण गार पडलं. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, हे नानांच्या ध्यानात यायला वेळ लागला. तेजस्विनी नवी साडी नेसून ओट्यावर आली होती. ती ओरडली नाही, रडली नाही. “पप्पा, ते आता परत येणार नाहीत,” एवढंच म्हणाली आणि आत जाऊन तिनं दार लावून घेतलं. ही पोर लहानपणी पडली तरी न रडता आधी नानांकडे बघायची. आज तिनं बघितलंसुद्धा नाही.

“पळाले रं पळाले, गाड्या काढा,” हिंदुरावानं हुकूम सोडला. एवढी अद्दल घडली तरी माणूस थांबत नाही म्हणतात ते काही खोटं नाही. नाना नको नको म्हणेपर्यंत पांढऱ्या स्कॉर्पिओ नगर रोडला लागल्या. पहिल्या गाडीत हिंदुराव आणि शेजारी घामाघूम नाना. पुढं रिक्षा. रिक्षाच्या मागच्या छोट्या काचेतून सुब्बारावांचा चेहरा दिसायचा, गाड्या बघायचा आणि खाली बुडायचा.

हा पाठलाग फार वेळ चालला नाही, कारण तो नगर रोड होता. चौकाच्या अलीकडं ट्रक, बस, कॉलेजच्या पोरांच्या गाड्या आणि एक सिमेंटचा मिक्सर एकमेकांत अडकून सगळी वाहतूक ठप्प झाली. रिक्षा पुढं उभी, स्कॉर्पिओ मागं उभ्या, मधे टेम्पो. सगळे नुसते हॉर्न वाजवत बसले.

“म्या उतरून बोलतो,” हिंदुराव म्हणाला.

“तू गाडीतनं पाय जरी खाली ठेवलास तर तुझं तंगडं मोडीन,” नाना म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच ते हिंदुरावावर इतके चढले. “कुणी बी खाली उतरायचं न्हाई. शर्ट दिसता कामा न्हाई कुणाचा.”

नाना एकटेच उतरले आणि वाहनांमधून अंग चोरत रिक्षापाशी गेले. सुब्बारावांनी छत्री छातीशी धरली. नानांना म्हणायचं होतं, घाबरू नका, जाऊ नका, आमचं चुकलं. पण हिंदीत बोलायचं म्हटल्यावर जे पाठ होतं तेच तोंडातून बाहेर पडलं.

“भागने की कोशिश मत करना.”

कांतम्मांनी डोळे मिटून देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. रिक्षावाला मागं वळून म्हणाला, “काका, तुम्ही मराठीतच बोला. सगळ्यांच्या हिताचं आहे.”

नानांनी हात जोडले. “साई, बाबा, तूच सांग त्येंना. मला बोलता येत न्हाई. त्यो पोपट शहाळी फोडायला आणला होता. ती समदी माझी भावकी हाय, कुणी आजवर कोंबडी बी मारली न्हाई. माझी एकच पोरगी हाय. तिनं आत जाऊन दार लावून घेतलंय. तुम्ही असं गेलात तर ती परत माझं तोंड बघायची न्हाई.”

साईनं सगळं तेलुगूत सांगितलं. सुब्बारावांनी मागच्या काचेतून गाड्यांवर एक नजर टाकली. मग ते हळू आवाजात काही बोलले आणि साईनं मान खाली घालून ते मराठीत केलं.

“बाबा म्हणतात, आमची सगळी नोकरी पोस्टात गेली. आमच्याकडे असली माणसं फक्त सिनेमात असतात. खरी आज पहिल्यांदा बघितली. ते म्हणतात, मलाही एकच मुलगा आहे. उद्या नवराबायकोचं काही भांडण झालं, तर तुम्ही त्याला जिवंत ठेवाल ना?”

नाना रिक्षाच्या दांडीला धरून उभेच राहिले. हाच प्रश्न, अगदी याच शब्दांत, ते रोज देव्हाऱ्यापुढं आपल्या लेकीसाठी विचारत होते. त्यांना हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. “अहो राव,” ते म्हणाले, “ती माणसं मी तुम्हाला भिऊन जमवली.”

साईनं सांगितलं. सुब्बारावांना ते एकदा ऐकून पटलं नाही, त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. मला भिऊन? असं त्यांनी बोटानं स्वतःकडं दाखवत विचारलं. नानांनी मान हलवली. कांतम्मांनी डोळे उघडून आपल्या नवऱ्याला छत्रीपासून चपलेपर्यंत नीट न्याहाळलं आणि त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. पुडा मांडीवरून घसरला. सुब्बाराव आधी रागावले, मग तेही हसायला लागले. बाजूच्या बसमधले लोक खिडक्यांतून बघत होते.

हसणं ओसरल्यावर सुब्बारावांनी छत्री बाजूला ठेवली आणि साईला पुढं रिक्षावाल्याशेजारी बसायला सांगितलं. मागच्या सीटवर एका माणसाची जागा झाली.

“ठरलं असेल तर सांगा,” रिक्षावाला म्हणाला, “म्हणजे कोणत्या बाजूला वळायचं ते कळेल.”

सुब्बारावांनी नानांचा हात धरून त्यांना आत घेतलं आणि वाघोलीकडं बोट दाखवलं.