चामड्याचं हेल्मेट

बहिणीकडे अमेरिकेत गेलो होतो. घर सोडून निघालेल्या शेजारच्या फ्रँकआजोबांनी अंगणात जुन्या वस्तू विकायला मांडल्या होत्या. त्यांत त्यांच्या वडिलांचं चामड्याचं हेल्मेटही होतं. आठवडाभर खाणीत राबून रविवारी पैसे घेऊन अमेरिकन धाटणीचा, धडकाधडकीचा फुटबॉल खेळणाऱ्या पहिल्यावहिल्या गड्यांपैकी ते वडील एक.

कुणी हेल्मेट उचललं की आजोबा घाईने सांगत, "शिवण उसवलीय हो! वासही मारतो!"

मी हुंगून म्हटलं, "छान आहे की वास! घेऊ का?"

त्यांचा चेहरा असा पडला, की मी हेल्मेट परत ठेवून शेजारची जुनी किटली घेतली. दृष्ट लागू नये म्हणून आपल्याकडे आया गोजिऱ्या बाळाला 'काळुंद्रं' म्हणतात, तशातलंच हे!

संध्याकाळी आजोबा टेबल आत नेत होते. हात अडकलेले, म्हणून हेल्मेट डोक्यावर. पट्टा मात्र हनुवटीखाली घट्ट बांधलेला.